संदर्भोल्लेखांची मोजदाद आणि दामोदर धर्मानंद कोसंबी : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाच्या संशोधनाचे मूल्य आज बहुधा तीन आकड्यांत सांगितले जाते : प्रकाशित शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेले संदर्भोल्लेख आणि या दोहोंवरून काढलेला एच-निर्देशांक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय गुणांची पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीने तिचे स्वरूप बदलले, परंतु शोधनिबंधामागे गुण देण्याचे तत्त्व कायम ठेवले. या व्यवस्थेविषयी अध्यापकांच्या खोलीत तक्रारीचा सूर नित्य ऐकू येतो. परंतु तक्रार म्हणजे चिकित्सा नव्हे. संदर्भोल्लेख नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे एखाद्या प्रत्यक्ष अभ्यासकाच्या लेखनावरून तपासून पाहिल्याशिवाय या प्रश्नावर निश्चित मत देता येणार नाही.

प्रस्तुत लेखात त्यासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या संशोधनाची निवड केली आहे. गणित, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि प्राचीन भारताचा इतिहास अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांत त्यांनी मूलभूत लेखन केले, आणि यांपैकी प्रत्येक क्षेत्रात त्या लेखनाचे पुढे काय झाले हे पुरेशा स्पष्टपणे सांगता येते. कोसंबींचे चरित्र किंवा त्यांची वैचारिक भूमिका हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच की, एकाच अभ्यासकाच्या लेखनाला निरनिराळ्या शास्त्रांत मिळालेले उल्लेख एकाच जातीचे आहेत काय आणि त्यांची बेरीज करता येते काय.

संशोधनाचा विस्तार :

कोसंबींचा जन्म गोव्यात झाला. बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक आचार्य धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ साली पदवी घेऊन ते भारतात परतले. पीएच.डी. त्यांनी केली नाही. बनारस व अलिगढ येथे अल्पकाळ अध्यापन केल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले. १९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

यातील एक बाब आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ज्या निबंधांमुळे कोसंबींचे नाव विज्ञानात टिकले, ते बहुतेक सर्व त्यांच्या महाविद्यालयीन अध्यापनाच्या काळातील आहेत. आहत नाण्यांवरील पहिले निबंध १९४० च्या सुमाराचे, यादृच्छिक प्रक्रियांवरील निबंध १९४३ चा आणि जनुकीय अंतरांवरील निबंध १९४४ चा. भर्तृहरीच्या पोथ्यांचे कामही याच वर्षांत आकार घेऊ लागले. मोठी प्रयोगशाळा नाही, संशोधन साहाय्यकांचा ताफा नाही, डॉक्टरेट नाही, अशा स्थितीत वर्गावर शिकवणाऱ्या एका अध्यापकाचे हे काम आहे.

जनुकशास्त्र : नाव राहिले, निबंध मागे पडला

१९४४ साली ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात कोसंबींचा अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर थेट मोजता येत नाही. संततीत त्या दोहोंचे पुनःसंयोजन किती प्रमाणात घडते, यावरून ते अनुमानावे लागते. अंतर वाढले की त्या टप्प्यात एकाहून अधिक वेळा अदलाबदल घडू शकते आणि दोन अदलाबदली परस्परांना झाकून टाकतात, त्यामुळे पाहिलेले प्रमाण खऱ्या अंतरापेक्षा कमी भरते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ साली यासाठी एक सूत्र दिले होते, परंतु एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला आडकाठी करीत नाही, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात अशी आडकाठी आढळते. ती जवळच्या अंतरावर तीव्र असते आणि अंतर वाढेल तशी क्षीण होत जाते, असे मानून कोसंबींनी नवे सूत्र मांडले. पुनःसंयोजनाचे प्रमाण २० टक्के असल्यास हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२.

हे सूत्र आजही वापरात आहे. भात, गहू, ज्वारी, हरभरा अशा पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना हॉल्डेन किंवा कोसंबी यांपैकी कोणते सूत्र वापरले हे संशोधकाला नोंदवावे लागते. १९८० च्या दशकापासून हे काम संगणकीय प्रणालींवर होऊ लागले आणि त्या प्रणालींत कोसंबींचे सूत्र हा निवडीचा एक पर्याय झाला. परिणाम असा की, संशोधक आपल्या निबंधात ‘कोसंबी सूत्र वापरले’ असे एक वाक्य लिहितो आणि संदर्भ मात्र पुष्कळदा संगणक प्रणालीचा देतो. मूळ चार पाने त्याने वाचलेली असतातच असे नाही आणि वाचण्याची त्याला गरजही नसते. शिवाय ज्या नियतकालिकात हा निबंध आला त्याचे नाव पुढे बदलून ‘अॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले.

कोसंबींच्या सर्व लेखनात सर्वाधिक संदर्भोल्लेख मिळवून देणारे क्षेत्र बहुधा हेच आहे. परंतु येथील उल्लेखाचा अर्थ ‘हे साधन वापरले’ एवढाच आहे. त्यात सहमती नाही, वाद नाही, विचारांचा स्वीकारही नाही. सुताराने कोणत्या कंपनीची करवत वापरली हे सांगावे, तशा प्रकारचा हा उल्लेख आहे. तो उपयुक्ततेचा पुरावा निश्चित आहे, मात्र प्रभाव या शब्दाने आपल्याला जे सुचवायचे असते ते त्यात येत नाही.

यादृच्छिक प्रक्रिया : सिद्धान्त राहिला, नाव गळले

याच्या अगदी उलट घडले ते ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मधील १९४३ च्या निबंधाचे. काळानुसार अनिश्चितपणे बदलत जाणारी एखादी राशी परस्परांशी असंबद्ध अशा घटकांच्या बेरजेत कशी मांडावी, हा त्याचा विषय. वरवर पाहता हा शुद्ध गणिताचा प्रश्न वाटतो. परंतु संदेशवहन, प्रतिमांचे संक्षेपण, आकृती ओळखणे, हवामानाच्या नोंदींचे पृथक्करण आणि प्रवाही द्रवातील खळबळीचा अभ्यास, या सर्वांत हीच मांडणी वापरली जाते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तिला कारुनेन–लोएव्ह विस्तार म्हणतात. फिनलंडचे कारी कारुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांचे या विषयावरील निबंध १९४५ नंतरच्या काही वर्षांतले, म्हणजे कोसंबींच्या नंतरचे आहेत.

कोसंबींचे नाव का राहिले नाही याची कारणे शोधणे कठीण नाही. महायुद्धाच्या काळात भारतातून निघणारे नियतकालिक युरोप-अमेरिकेतील ग्रंथालयांत नियमित पोचण्याची शक्यता कमीच होती. लोएव्ह यांनी पुढे संभाव्यताशास्त्रावर एक प्रमाणभूत ग्रंथ लिहिला आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हा सिद्धान्त तेथून घेतला. कोसंबींनी स्वतः या विषयाचा पाठपुरावा फारसा केला नाही, त्यांनी या विषयातील शिष्यपरंपराही निर्माण केली नाही. अलीकडे काही लेखक ‘कोसंबी–कारुनेन–लोएव्ह’ असे तिहेरी नाव वापरतात आणि ते न्याय्यही आहे. परंतु मधल्या दशकांत ज्या असंख्य निबंधांनी ही मांडणी वापरली, त्यांतील उल्लेख कोसंबींच्या खात्यात कधीच जमा होणार नाहीत.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेची एक बाजू नेमकी टिपली आहे. एखादी कल्पना शास्त्रात इतकी मुरते की ती कोणाची हे सांगण्याची गरज उरत नाही आणि तिचा कर्ता पुसला जातो. कोसंबींच्या बाबतीत कर्ता पुसला गेला तो कल्पना मुरल्यामुळे तर खराच, पण त्याआधी ती चुकीच्या ठिकाणी, म्हणजे जगाच्या दृष्टीने आडवळणाच्या नियतकालिकात, छापली गेल्यामुळेही. पहिल्या कारणाला यश म्हणावे लागेल, दुसऱ्याला ज्ञानव्यवहारातील विषमता. संदर्भोल्लेखांच्या आकड्यात मात्र दोन्हींची नोंद एकाच प्रकारे होते : शून्य.

अवकल भूमिती : अडगळीतून परत आलेला निबंध

१९३३ साली ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात कोसंबींचा मार्ग-अवकाशांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याला जोडूनच, त्याच अंकात, त्या काळचे अग्रगण्य भूमितितज्ज्ञ एली कार्तां यांचे त्यावरील टिपण छापले आहे. चीनचे शिंग-शेन चेर्न यांनी १९३९ साली हा विचार पुढे नेला. तिघांच्या नावांनी ही उपपत्ती कोसंबी–कार्तां–चेर्न किंवा आद्याक्षरांनी ‘केसीसी’ म्हणून ओळखली जाते.

दीर्घकाळ हा विषय मोजक्या भूमितितज्ज्ञांपुरता होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस परिस्थितिविज्ञानातील आणि त्यानंतर भौतिकशास्त्र व विश्वरचनाशास्त्रातील समीकरणांच्या उकलींचे स्थैर्य तपासण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला आणि उल्लेख वाढले. म्हणजे या निबंधाचे खरे वाचक लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी जन्मले. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना सामान्यतः मागील दोन वर्षांतील निबंधांना मिळालेले उल्लेख धरतात. ज्या निबंधाला पन्नास वर्षांनी वाचक मिळतो, त्याच्याविषयी दोन वर्षांचे माप काय सांगणार?

याच काळातील एक विनोदही नोंदण्याजोगा आहे. अलिगढला असताना तेथील सहकारी आंद्रे वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ च्या सुमारास एक निबंध लिहिला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या, रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. पुढे वेल व त्यांच्या फ्रेंच मित्रांनी याच नावाने सामूहिक ग्रंथलेखन केले आणि ते नाव गणिताच्या इतिहासात अजरामर झाले. तथापि गणिती निबंधात त्या नावाचा पहिला उल्लेख कोसंबींच्या या थट्टेतील आहे. संदर्भोल्लेख झाला म्हणजे त्यामागे एक ग्रंथ आणि एक वाचन असतेच असे नाही, हे यावरून दिसते.

नाणकशास्त्र : आक्षेप हाही उल्लेखच

तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या आहत नाण्यांचा अभ्यास कोसंबींनी वजनाच्या अंगाने केला. नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते. जितका काळ ते चलनात राहील तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि एकाच प्रकारच्या नाण्यांच्या वजनांतील तफावत वाढत जाते. नाण्याच्या मागील बाजूस वेळोवेळी उमटवलेल्या तपासणीच्या खुणा जितक्या अधिक, तितके नाणे हलके, असा संबंध त्यांनी आकडेवारीने दाखवला. त्यावरून नाण्यांचा कालानुक्रम लावण्याची दिशा मिळाली. झीज कशी होते हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही मोठ्या संख्येने तोलली. नाणे हा कलावस्तूचा नमुना नसून व्यवहाराचा पुरावा आहे, ही त्यामागची दृष्टी होती.

नंतरच्या नाणकशास्त्रज्ञांनी या पद्धतीच्या गृहीतकांवर आक्षेप घेतले. सर्व नाणी सारख्याच वेगाने फिरली हे कशावरून, टांकसाळीतून बाहेर पडतानाच वजनात किती फरक होता, जमिनीत शतकानुशतके पडून राहिल्याने धातूवर काय परिणाम झाला, हे प्रश्न रास्त आहेत. येथे संदर्भोल्लेखाचा आणखी एक प्रकार समोर येतो : खंडनासाठी केलेला उल्लेख. मोजणाऱ्या यंत्राला मंडन व खंडन यांतील फरक कळत नाही. परंतु नाणकशास्त्रापुरते पाहिल्यास कोसंबींचा प्रभाव या आक्षेपांतूनच अधिक स्पष्ट होतो, कारण आक्षेप घेणाऱ्यालाही वजन, तफावत आणि नमुना यांच्या भाषेत बोलावे लागले. उत्तर मान्य न होताही प्रश्न स्वीकारला जाणे, हा प्रभावाचा खोल प्रकार आहे आणि त्याला आकडा नाही.

भर्तृहरी आणि विद्याकर : संपादकाचे अदृश्य होणे

भर्तृहरीच्या नावावरील शतकत्रय घराघरांत पाठ असे. परंतु पोथ्यांमधील श्लोकसंख्या, क्रम आणि पाठ यांत विलक्षण भिन्नता होती. कोसंबींनी देशभरातील शेकडो हस्तलिखिते तपासून त्यांची कुळे लावली आणि १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. सर्व परंपरांत समान असलेले सुमारे २०० श्लोक त्यांनी वेगळे काढले, त्यापुढे संशयास्पद श्लोकांचा गट लावला. त्यानंतर वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्या सहकार्याने त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला. तो १९५७ साली हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध झाला.

या दोन ग्रंथांचा परिणाम कोठे दिसतो? डॅनियल इंगल्स यांनी विद्याकराच्या संग्रहाचे १९६५ साली केलेले इंग्रजी भाषांतर कोसंबी–गोखले यांच्या संहितेवर उभे आहे. बार्बरा स्टोलर मिलर यांचे १९६७ चे भर्तृहरीचे भाषांतर कोसंबींनी प्रमाण ठरवलेल्या २०० श्लोकांवर आधारलेले आहे. इंगल्स यांना कोसंबींची संस्कृत काव्याकडे पाहण्याची वर्गीय दृष्टी मान्य नव्हती आणि तो मतभेद त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे नोंदवला आहे, परंतु संहिता त्यांनी कोसंबींचीच वापरली. पाठचिकित्सेचे वैशिष्ट्य हेच आहे की संपादकाच्या मतांशी भांडणाऱ्यालाही त्याच्या पाठावर उभे राहूनच भांडावे लागते.

या भाषांतरांतून भर्तृहरी जगभरच्या वर्गांत शिकवला गेला. त्यांचा वाचक लेखात नाव देतो ते भर्तृहरीचे, फार तर भाषांतरकाराचे. संपादक जितका यशस्वी, तितका तो अदृश्य. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या पुण्यात ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी.

इतिहास : पूर्वज म्हणून नमस्कार

‘अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (१९५६), ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) आणि ‘द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन’ (१९६५) या ग्रंथांनी कोसंबी इतिहासकार म्हणून प्रतिष्ठित झाले. राजवंशांच्या याद्यांऐवजी उत्पादनाची साधने व संबंध यांच्या क्रमिक बदलाचा इतिहास, वरून लादलेली आणि खालून वाढलेली सरंजामशाही हा भेद, आणि ग्रंथ, पुरातत्त्व व प्रत्यक्ष क्षेत्रनिरीक्षण यांची सांगड ही त्यांची मुख्य देणगी. सरंजामशाहीविषयी रामशरण शर्मा यांच्या १९६५ च्या ग्रंथापासून हरबन्स मुखिया यांच्या आक्षेपांपर्यंत जो दीर्घ वाद झाला, त्याच्या पायाशी कोसंबींची मांडणी आहे.

परंतु इतिहासक्षेत्रातील उल्लेखाची एक वेगळीच अडचण आहे. शोधप्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात, पूर्वसूरींच्या यादीत, कोसंबींचे नाव घेणे हा जवळजवळ शिष्टाचार झाला आहे. ग्रंथारंभी गणेशवंदन करावे तसे हे नाव येते आणि पुढच्या प्रकरणांत त्याचा मागमूस नसतो. ‘मिथ अँड रिअॅलिटी’मध्ये कोसंबींनी पुणे परिसरातील मातृदेवतांची ठाणी, शेंदूर फासलेले तांदळे, जुन्या वाटा आणि सूक्ष्म अश्मास्त्रांची स्थळे एकत्र पाहिली आणि पायी फिरून जो पुरावा गोळा केला, ती पद्धत पुन्हा वापरून त्यांचे निष्कर्ष ताडून पाहणारे अभ्यासक थोडे. गुंथर सोन्थायमर यांनी पश्चिम भारतातील पशुपालकांच्या देवतांचा जो अभ्यास केला तो या वाटेवरचा होता. अशा एका अभ्यासाचे वजन शंभर शिष्टाचारी उल्लेखांपेक्षा अधिक आहे.

दुसरी बाब भाषेची. कोसंबींनी आपले संशोधन प्रामुख्याने इंग्रजीत लिहिले, परंतु त्यावरील एक जिवंत वाद मराठीत झाला आहे. शरद पाटील यांनी जातीच्या प्रश्नावर कोसंबींच्या मार्क्सवादाची मर्यादा दाखवीत आपली स्वतंत्र भूमिका मांडली. हा वाद मराठी पुस्तकांत, पुस्तिकांत आणि छोट्या नियतकालिकांत पसरला आहे. आंतरराष्ट्रीय संदर्भसूचींत यातील फारच थोडे येते. ज्या प्रदेशातील डोंगर-घाटांतून कोसंबींनी आपला पुरावा मिळवला, त्या प्रदेशाच्या भाषेत त्यांचा जो प्रभाव पडला, तो जवळपास सर्व मोजणीबाहेर राहतो.

रीमान प्रकरण : समकक्ष परीक्षणाची मर्यादा

येथवरचे विवेचन वाचून असा ग्रह होईल की मापे सदोष आहेत आणि अभ्यासक निर्दोष. तसे मानणे सत्याला धरून होणार नाही. १९५९ साली कोसंबींनी ‘जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ अॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. संभाव्यतेच्या मार्गाने रीमान यांचे प्रसिद्ध अनुमान सिद्ध होते, असा त्यांचा दावा होता. अविभाज्य संख्यांच्या वितरणाशी निगडित असलेला हा गणितातील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक आणि तो आजही सुटलेला नाही. कोसंबींची सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही. कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात संख्या-उपपत्तीतील असा दावा तपासू शकणारे परीक्षक असण्याची शक्यता नव्हती, आणि निबंध तेथे का छापला हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला याने मोठा धक्का बसला. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. पुढे त्यांनी अविभाज्य संख्यांविषयीचे काही लेखन एस. ड्युक्रे या टोपणनावाने केले.

या प्रकरणाचा बोध बहुविद्याशाखीय नियतकालिकांत लिहिणाऱ्या आपणा सर्वांना लागू आहे. समकक्ष परीक्षण म्हणजे कोणीतरी दोघांनी वाचणे नव्हे, तर त्याच प्रश्नावर काम करणाऱ्याने वाचणे. अनेक शास्त्रांत संचार करणाऱ्याला प्रत्येक शास्त्राच्या कठोर वाचकासमोर नव्याने उभे राहावे लागते, जनुकशास्त्रातील यशाच्या हवाल्यावर संख्या-उपपत्तीत उधारी मिळत नाही. १९५९ मध्ये कोसंबींना असा वाचक छपाईपूर्वी मिळाला नाही. १९३३ च्या निबंधाला तो लाभला होता, त्याचे नाव कार्तां.

गुणांचा हिशेब :

आता आपल्या परिचयाच्या तक्त्याकडे वळू. २०१८ च्या नियमावलीत मान्यताप्राप्त नियतकालिकातील शोधनिबंधाला विज्ञान शाखेत ८ आणि मानव्यविद्यांत १० गुण होते. राष्ट्रीय प्रकाशकाच्या स्वतंत्र ग्रंथाला १० गुण आणि संपादित ग्रंथाला ८. या हिशेबाने शेकडो पोथ्या ताडून सिद्ध केलेली भर्तृहरीची आवृत्ती संपादित ग्रंथ म्हणून ८ गुणांची ठरते, म्हणजे मानव्यविद्येतील एका निबंधापेक्षा कमी. १९४३ चा निबंध आणि १९४४ ची चार पाने यांना मूळ गुण समान, आणि त्यांच्या बरोबरीला कोणताही तिसरा निबंध बसवला तरी चालतो.

एच-निर्देशांकाची स्थितीही निराळी नाही. जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली तो सुचवला तो भौतिकशास्त्रज्ञांसाठी. एखाद्याच्या तीन निबंधांना प्रत्येकी हजार उल्लेख मिळाले आणि बाकी लेखनाला एकही नाही, तर त्याचा निर्देशांक ३ भरतो. पाच शास्त्रांत मोजकेच पण निर्णायक लिहिणाऱ्याला हे माप प्रतिकूल आहे, तर एका अरुंद पट्ट्यात सातत्याने लिहून सहकाऱ्यांशी उल्लेखांची देवघेव करणाऱ्याला अनुकूल.

ज्यांनी संदर्भसूची निर्माण केली त्यांचा मूळ हेतू हा नव्हता. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली ती वाचकाच्या सोयीसाठी : एखाद्या निबंधावर पुढे कोणी काय आक्षेप घेतले, कोणी ते पुढे नेले, हे शोधता यावे म्हणून. ती वाचनाला मदत करणारी वाट होती. आपण तिचा उपयोग वाचन टाळण्यासाठी करू लागलो, हा दोष साधनाचा नाही. २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५ चा लायडेन जाहीरनामा यांनी हेच बजावले आहे. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या साह्याने २०१९ साली सुरू झालेली यूजीसी-केअर यादी २०२५ साली बंद करण्यात आली आणि नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. यादी गेली, परंतु वाचून मत देण्याची सवय आपोआप येणार नाही.

समारोप :

कोसंबींच्या लेखनाच्या या तपासणीतून पुढील निष्कर्ष निघतात.

१. संदर्भोल्लेख ही एकजिनसी राशी नाही. जनुकशास्त्रात तो साधनाच्या वापराची नोंद आहे, नाणकशास्त्रात खंडनाची, इतिहासात पुष्कळदा शिष्टाचाराची. निरनिराळ्या जातींच्या या राशींची बेरीज गणिताच्या प्राथमिक नियमातही बसत नाही.

२. उल्लेखाचा अभाव हा प्रभावाचा अभाव नव्हे. यादृच्छिक प्रक्रियांत आणि पाठचिकित्सेत काम जितके पायाभूत झाले, तितके कर्त्याचे नाव गळत गेले.

३. प्रभावाला लागणारा काळ प्रत्येक शास्त्रात वेगळा असतो. नेमणुकीच्या वा पदोन्नतीच्या मुदतीशी त्याचा संबंध नाही.

४. भारतीय भाषांतील वादविवाद मोजणीबाहेर राहतो, म्हणून मराठीत काम करणाऱ्या अभ्यासकाचे मूल्यमापन आंतरराष्ट्रीय आकड्यांनी करणे अन्यायाचे आहे.

५. मोजणीला पर्याय केवळ आदर हा नाही. पर्याय आहे तो जाणकार व निर्भय परीक्षणाचा, आणि तो कोसंबींसारख्यालाही लागू आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, निवड समितीने उमेदवाराच्या निबंधांची यादी मागण्याऐवजी त्याने निवडलेले दोन किंवा तीन निबंध मागावेत, ते त्या विषयाच्या अभ्यासकाकडून वाचून घ्यावेत आणि त्याचे लेखी मत नोंदवावे. यात वेळ जाईल आणि मतभेदही होतील. परंतु १९४४ ची ती चार पाने आज एखाद्या महाविद्यालयीन अध्यापकाने आपल्यासमोर ठेवली, तर त्यांचे मोल ओळखण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नाही. ती वाचावी लागतील.